हाती लोकर, समोर पुस्तक

उतारवयातील हात आणि डोळे यांना ऋतूप्रमाणे काम कसे द्यावे, याविषयी एका डॉक्टरचे टिपण

कार्तिक सरत आला की इटियाडोहच्या परिसरातील बांध्या मोकळ्या होऊ लागतात. धानाचे पुंजणे रचले जातात, मळणी होते, गावोगावी मंडईचे फलक लागतात आणि सकाळच्या धुक्यात जलाशयाचा काठ दिसेनासा होतो. गोंदिया जिल्ह्याची थंडी विदर्भात प्रसिद्धच आहे. पारा दहा अंशांखाली उतरणे येथे नवलाचे नाही. याच दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांच्या तक्रारी एका विशिष्ट वळणाच्या असतात. बोटे आखडतात, रात्री दोन वाजता जाग येते, भूक मंदावते, कशातच मन लागत नाही. रक्तदाब बरा असतो, साखर आटोक्यात असते, तपासण्यांत मोठा दोष निघत नाही. मग थोडे बोलते केले की खरे वाक्य बाहेर येते : "डॉक्टर, दिवसच जात नाही."

दिवस न जाणे हे वैद्यकाच्या पुस्तकातील रोगाचे नाव नव्हे. पण त्यातून होणारे नुकसान मात्र वैद्यकीयच असते. माणूस अंथरुणात अधिक वेळ काढतो, दुपारी झोपतो आणि रात्री जागतो. हालचाल कमी झाली की सांधे धरतात, स्नायू ओसरतात. बोलणे कमी झाले की स्मृतीही मंदावते.

हे पूर्वी इतके जाणवत नसे, कारण शेतीच्या प्रत्येक हंगामात म्हाताऱ्या माणसाचे एक काम ठरलेले होते. बियाणे निवडावे, सूप घेऊन पाखडावे, दोर वळावा, खाट विणावी, पाखरे हाकावी, रोवणीच्या दिवसांत घरी राहून नातवंडे सांभाळावी. आता कापणीला यंत्र येते, बियाणे दुकानातून येते, दोर नायलॉनचा असतो आणि नातवंडे शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला गेलेली असतात. आयुष्यभर राबलेले हात मांडीवर स्वस्थ पडून राहतात. अशा हातांना विश्रांतीपेक्षा कामाची अधिक गरज असते. मात्र ते काम त्यांना झेपणारे आणि कोणाच्या तरी उपयोगाचे असावे.

विणकाम आणि वाचन ही अशी दोन कामे आहेत. दोन्ही स्वस्त, घरबसल्या करता येणारी आणि आपल्या ओळखीची आहेत. परंतु केवळ वेळ घालवण्याचे साधन म्हणून ती हाती दिली तर आठवड्याभरात कोपऱ्यात पडतात, असा अनुभव आहे. त्यांची ऋतूशी आणि घरातील एखाद्या माणसाशी गाठ घातली, तर ती टिकतात.

लोकरीचे आणि पुस्तकांचे शेजारी

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात या दोन्ही गोष्टींचे शेजार आहे, हे येथील लोकांच्याही सहसा लक्षात येत नाही. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण १९७० च्या सुमारास पूर्ण झाले. पुढे १९७२ मध्ये गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. हिमालयापलीकडच्या थंड पठारावरील माणसे धानाच्या आणि उन्हाच्या मुलखात येऊन शेती करू लागली.

भारतातील तिबेटी वसाहतींचा लोकरीशी असलेला संबंध सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीच्या आगेमागे अनेक शहरांत स्वेटर, शाली आणि कानटोप्यांची तिबेटी दुकाने लागतात आणि थंडी ओसरली की उठतात. त्यांतील बहुतेक माल आज लुधियानासारख्या ठिकाणी यंत्रावर तयार होतो. तरीही या व्यापाराने वसाहतींतील कुटुंबांचे वर्ष दोन भागांत विभागले आहे : पावसाळ्यात शेत आणि हिवाळ्यात लोकर. कर्ती माणसे हिवाळ्यात शहरात जातात, तेव्हा घर बहुधा वृद्धांवर सोपवलेले असते. रोजगारासाठी मुले बाहेर गेलेल्या आमच्या झाडीपट्टीतील घरांचे चित्र याहून फारसे निराळे नाही.

याच तालुक्यातील नवेगावबांध हे पुस्तकांच्या बाजूचे शेजारी. तेथील विस्तीर्ण तलाव कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या जुन्या कौशल्याची साक्ष देतो. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी येथे नोकरी केली आणि येथील रान, पाखरे व माणसे मराठी साहित्यात आणली. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा. त्या दिवसापासून डॉ. सलीम अली यांच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. स्थलांतरित पक्षी आमच्या तलावांवर उतरू लागतात, त्याच सुमारास हा सप्ताह येतो. राज्य शासनाने भिलारनंतर 'पुस्तकांचे गाव' ही योजना अन्य विभागांत नेण्याचे ठरवले, तेव्हा नवेगावबांधचीही निवड केली.

वृद्धांच्या दृष्टीने चितमपल्ली यांचे उदाहरण आणखी एका कारणाने मोलाचे आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ते दीर्घकाळ कोशांचे काम करीत राहिले. त्यांचा 'पक्षीकोश' निवृत्तीनंतरचाच. २०२५ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्रत्येकाला कोश लिहिता येणार नाही. पण सकाळी उठल्यावर आपले एक अपुरे काम वाट पाहत असावे, हे मात्र प्रत्येकाला साधता येईल. सुईवर अर्धे विणलेले मोजे आणि खूण घालून ठेवलेले पुस्तक ही अशीच अपुरी कामे होत.

बोटे चालतात तेव्हा

विणकामात दोन्ही हात एकाच वेळी परंतु वेगवेगळे काम करतात. डावा हात टाका पुढे सारतो, उजवा तो उचलतो, तर्जनीवरून लोकर ठरावीक ताणाने सुटते. डोळे वीण पाहतात आणि मन टाके मोजते. म्हणजे स्पर्श, दृष्टी, गणना आणि हालचाल यांचे केंद्रे सांभाळणारे मेंदूचे भाग एकत्र कामाला लागतात. नवा नमुना शिकताना त्यांच्यावर ताण येतो, तर सवयीची वीण विणताना मन शांत होते. एकाच लयीत पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींमुळे श्वास संथ होतो. जपमाळ ओढणाऱ्या आजीला किंवा प्रार्थनाचक्र फिरवणाऱ्या तिबेटी आजोबांना हे समजावून सांगावे लागत नाही.

संशोधन काय सांगते, तेही पाहू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७० ते ८९ या वयोगटातील १,३२१ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुस्तके वाचणे, संगणक वापरणे, खेळ खेळणे आणि विणकाम-गोधडीकामासारख्या हस्तकला यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतीच्या व आकलनाच्या सौम्य दोषाची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी कमी आढळली. २०१३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ३१ देशांतील ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची प्रश्नावलीद्वारे पाहणी केली. जे वारंवार विणत, त्यांनी मन शांत आणि प्रसन्न वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले.

या आकड्यांचा अर्थ मर्यादेतच घ्यावा. ज्याची स्मृती शाबूत आहे तोच विणकाम करीत राहतो, असेही असू शकते. शिवाय प्रश्नावली भरणारे मुळातच विणकामाचे चाहते होते. विणकामाने स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये, आणि विणकामासाठी गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. परंतु ज्यात तोटा जवळजवळ नाही आणि लाभाची बरीच शक्यता आहे, असा उपाय सुचवण्यास डॉक्टरला संकोच वाटण्याचे कारण नाही.

पुरुषांनी हे आपले काम नाही असे समजू नये. आपल्या राज्यात धनगर समाजातील पुरुष लोकर हाताळत आले आहेत, आणि आमच्याकडील जुन्या पिढीतील किती तरी पुरुषांना खाट विणता येते, अंबाडीचा दोर वळता येतो. ज्या आजोबांना लोकरीच्या सुया परक्या वाटतात, त्यांनी घरातील एखादी खाट पुन्हा विणायला घ्यावी. बोटांना हवी असलेली लय त्यातही आहे.

वाचन : एकट्याचे आणि सर्वांचे

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ व्यक्तींची माहिती सुमारे १२ वर्षे पाहिली असता पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी दिसला. शिक्षण, आर्थिक स्थिती आणि आरोग्य यांतील फरक हिशेबात घेऊनही हा लाभ राहिला. वृत्तपत्रे व नियतकालिके वाचणाऱ्यांमध्ये तो कमी होता. हाही निरीक्षणाचा अभ्यास असल्याने पुस्तक हे आयुष्य वाढवण्याचे औषध ठरत नाही. मात्र दीर्घ कथानकात पात्रे लक्षात ठेवावी लागतात, कालचा प्रसंग आजच्या प्रसंगाशी जोडावा लागतो, दुसऱ्याच्या मनात शिरावे लागते. मेंदूसाठी हा चांगला व्यायाम आहे.

आपल्याकडे वाचनाची जुनी रीत मात्र एकट्याने, मनात वाचण्याची नव्हे. चातुर्मासात देवळात किंवा एखाद्या पडवीत पोथी लागे. एक जण वाचे, दुसरा अर्थ सांगे, बाकीचे ऐकत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही तोंडी ओव्या असत. तिबेटी घरांतही सुट्या लांबट पानांचे, कापडात गुंडाळून ठेवलेले ग्रंथ मोठ्याने वाचण्याची परंपरा आहे. त्यांचे रूप आपल्या पोथीशी किती जुळते! मोठ्याने वाचल्याने श्वासावर नियंत्रण राहते, आवाज खणखणीत राहतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऐकणारा कोणी तरी समोर असावा लागतो.

आमच्या भागातील अनेक वृद्ध स्त्रियांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. त्यांना वाचनाच्या लाभापासून वगळण्याचे कारण नाही. नातीने दररोज दहा मिनिटे 'श्यामची आई' वाचून दाखवावी आणि आजीने लोकर गुंडाळत ऐकावी. दुसऱ्या दिवशी "काल कुठे थांबलो होतो?" हा प्रश्न आजीला विचारावा. स्मृतीला चालना देण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. नात परगावी असेल तर हे दूरध्वनीवरही होऊ शकते. रोज ठरलेल्या वेळी येणाऱ्या त्या दहा मिनिटांची आजी दिवसभर वाट पाहते, आणि दिवस जातो.

वाचन सुटण्याची दोन शारीरिक कारणे मात्र आधी तपासावीत. पहिले मोतीबिंदू किंवा बदललेला चष्म्याचा नंबर, आणि दुसरे कमी झालेले ऐकू येणे. "आता वाचनाची गोडी राहिली नाही" असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना वस्तुतः अक्षर दिसत नसते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत श्रवणदोष आहे आणि उपचार न केलेला दृष्टिदोषही आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र यांना वयाचे कारण सांगून टाळू नये.

ऋतूप्रमाणे आखणी

शेतकरी घराला वर्षाचे गणित समजावून सांगावे लागत नाही. तेच गणित विणकामाला आणि वाचनाला लावावे.

*पावसाळा.* रोवणीच्या दिवसांत घरातील सर्व हात बांधीत असतात आणि वृद्ध घरी एकटे. दमट हवेत लोकर हाताला चिकटते, म्हणून या दिवसांत सुती दोऱ्याचे क्रोशाचे काम घ्यावे : तोरण, पिशवी, देवघरातील आसन. आषाढी ते कार्तिकीचा काळ सामूहिक वाचनाचा आहे. गावातील बंद पडलेली पोथी पुन्हा लावता आली तर पाहावे. ढगाळ हवेत उजेड कमी असतो, तेव्हा दाराजवळ बसावे. मात्र ओल्या उंबरठ्यावरून आणि शेवाळलेल्या अंगणातून चालताना आधार घ्यावा. एक पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, यामुळे वर्षाची सारी आखणी विसकटते.

*भाद्रपद-आश्विन.* हिवाळ्याचे विणकाम सुरू करण्याची हीच वेळ. थंडी पडल्यावर स्वेटर विणायला घेतला तर तो पूर्ण होईपर्यंत फाल्गुन येतो. या दिवसांत विदर्भात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. ती गाणी आजीकडून ऐकून वहीत लिहून घेण्याचे काम नातीला द्यावे. या वाचनात पुस्तक आजीच असते. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेने गावातील आजी-आजोबांना वाचायला किंवा ऐकायला बोलवावे.

*हिवाळा.* विणलेली वस्तू वापरण्याचा आणि सर्वाधिक जपण्याचा हा काळ. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. वृद्धांना थंडी वाजल्याची जाणीवही उशिरा होते. त्यामुळे डोके, कान आणि पावले झाकणारी टोपी व मोजे खरोखरच संरक्षण देतात. फरशीवर मोजे घालून चालताना पाय घसरतो, हे ध्यानात ठेवून त्यावर चप्पल घालावी. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. थंडीने त्यांच्या वेदना उसळू शकतात. घरात असा नातू किंवा नात असेल तर पहिला स्वेटर त्याच्यासाठी विणावा आणि त्याला पाणीही भरपूर पाजावे. बंद खोलीत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. शेकायचे असेल तर मोकळ्या जागी, आणि निजताना गोधडी, टोपी व मोजे.

*उन्हाळा.* मोहफुले वेचण्याचे दिवस सुरू झाले की लोकर आवरायला घ्यावी. कपडे धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घालून ठेवावेत. लहान झालेला स्वेटर फेकू नये. तो उसवावा, लोकरीच्या लडी करून धुवाव्यात, वाळल्यावर गुंडे करावेत. उसवणे सोपे असते, त्याला नजर फार लागत नाही, आणि जुन्या लोकरीबरोबर जुन्या आठवणीही सुटत जातात : हा रंग कोणी निवडला होता, हे कोणाच्या बारशाला विणले होते. वैशाखाच्या दुपारी बाहेर पडू नये. घरातील थंड जागी बसून वाचावे, जवळ पाण्याचा तांब्या असावा. सुट्टीत नातवंडे आली की त्यांना टाके घालायला शिकवावे.

सुरुवात कशी करावी

ज्यांनी वीस-तीस वर्षे सुया हाती घेतलेल्या नाहीत, त्यांनी एकदम स्वेटरला हात घालू नये. लहान मुलाचा मफलर हा उत्तम आरंभ. फिकट रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्यावी. गडद रंगावर टाके दिसत नाहीत. आपल्याकडे मिळणाऱ्या जुन्या क्रमांकाच्या सुयांत आकडा जितका लहान, तितकी सुई जाड. बोटे आखडत असतील तर ६ किंवा ७ क्रमांकाच्या जाड सुया घ्याव्यात. थंडीत लोखंडी सुईपेक्षा लाकडी, बांबूची किंवा प्लॅस्टिकची सुई हाताला बरी वाटते. ३० ते ३५ टाके घालावेत आणि प्रत्येक ओळ सुलट टाक्यांनीच विणावी. चूक झाली तरी या विणीत ती सहसा दिसत नाही.

पाठीला आधार असलेली खुर्ची, पाय जमिनीवर टेकलेले, कोपरे अंगालगत आणि खांद्यामागून येणारा उजेड, अशी बैठक असावी. कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून मगच सुया घ्याव्यात. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबावे, मुठी उघडाव्यात-मिटाव्यात, मनगटे फिरवावीत आणि उठून अंगणात एक फेरी मारावी. विणकाम हा चालण्याला पर्याय नाही. ओळ अर्धी असली तरी वेळ झाली की थांबावे. "एवढी ओळ संपू दे" म्हणता म्हणता तास जातो आणि मान धरते.

मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी काम संपल्यावर बोटे नीट पाहावीत. सुया पलंगावर किंवा जमिनीवर टाकू नयेत.

घरात लहान मूल नसेल तर कोणासाठी विणावे, हा प्रश्न येतो. नवजात बाळाच्या शरीरातील उष्णता डोक्यावाटे फार लवकर जाते. म्हणून जन्मताच त्याला टोपी घालण्याचा सल्ला दिला जातो. गावातील आशा किंवा अंगणवाडी सेविकेला विचारून अशा टोप्या विणून देता येतील. लोकर मऊ आणि धुता येणारी असावी, आत सुती टोपडे घालण्याइतकी टोपी सैल असावी आणि तिला गळ्याभोवती येणारे लांब बंद नसावेत.

दुखणे ओळखताना

हाताच्या कामातील बदल आजाराची पहिली सूचना देऊ शकतो, म्हणून पुढील खुणा सांभाळणाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता असते. मधुमेह आणि थायरॉइडही तपासावा. सकाळी बोटे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहून सांधे सुजत असतील, तर तो केवळ वयाचा परिणाम समजू नये. तो संधिवात असू शकतो. हात स्वस्थ असताना थरथरतो, अक्षर बारीक होत जाते, हालचाली मंदावतात, तेव्हा कंपवाताचा विचार करावा लागतो.

वर्षानुवर्षे पाठ असलेली वीण अचानक जमेनाशी झाली, एकच पान पुन्हा पुन्हा वाचले जाऊ लागले, किंवा आवडते काम कारणाशिवाय सुटले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, श्रवणदोष आणि नैराश्य यांतही असेच घडते, आणि यांवर उपचार आहेत.

एका हाताची शक्ती एकाएकी जाऊन सुई गळून पडली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. आमच्यासारख्या दूरच्या तालुक्यात त्यांतील बराचसा वेळ रस्त्यातच जातो. म्हणून वाहनाचा आणि १०८ क्रमांकाचा विचार आधीच करून ठेवावा.

सांभाळणाऱ्यांसाठी

सून, मुलगा, लेक किंवा पगारी सेविका, जे कोणी वृद्धांची काळजी घेतात त्यांना थोडेसे सांगावेसे वाटते. लोकर आणि पुस्तक गोळीसारखे हातात ठेवू नका. "आई, जरा विणत बसा, वेळ जाईल" या वाक्यात त्यांच्या वेळेला किंमत नसल्याचे सूचित होते. "आई, बाळाला थंडीआधी टोपी हवी आहे, होईल का?" या वाक्यात गरज आहे, मुदत आहे आणि विश्वास आहे. टोपी वाकडी झाली तरी ती बाळाला घालावी आणि आजीला दिसेल अशी घालावी. गुपचूप उसवून नीट विणून ठेवणे हा मोठा अपमान असतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला सुया देणे धोक्याचे असेल तर लोकरीचा गुंडा करायला द्यावा, रंग वेगळे करायला द्यावेत. तोच गुंडा उद्या पुन्हा सोडून दिला तरी चालेल. पक्षाघाताने एक हात गेलेल्या व्यक्तीला पुस्तक मांडीवरच्या उशीवर ठेवून द्यावे, किंवा आपण वाचून दाखवावे. त्यांना पूर्वी वाचलेलेच पुन्हा हवे असेल तर तेच वाचावे. ओळखीच्या कथेत त्यांना आधार सापडतो.

आणि सांभाळणाऱ्यांनीही आपल्यासाठी दोन सुया ठेवाव्यात. रुग्णाच्या उशाशी बसण्याचे तास लांब असतात, आणि त्या तासांत मोबाइलच्या पडद्याने मन शांत होतेच असे नाही. सेवा करणाऱ्याची झोप, रक्तदाब आणि मनःस्थिती बिघडली तर घरात दोन रुग्ण होतात. दोघांनी एकाच गुंड्यातून विणावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने ऐकावे; शुश्रूषेचा भार त्यामुळे संपत नाही, पण तो एकट्याच्या खांद्यावर राहत नाही.

येत्या दसऱ्याला शस्त्रांबरोबर घरातील जुन्या सुयाही पूजेत मांडा. त्याच दिवशी दोन गोष्टी ठरवा : कोणासाठी काय विणायचे, आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर कोणते पुस्तक वाचायचे. पुंजणे रचून होईपर्यंत टोपी पूर्ण झालेली असेल.